हॅलोआत्याचा हेडसेट

घरातल्या मुलांनी तिचं नाव हॅलोआत्या ठेवलं होतं, आणि त्याला कारण तिची भाची. ही भाची बोलायला लागते न लागते तोच कानाला चमचा लावून घरभर फिरायची आणि मोठ्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "हॅलो, घाबरू नका, आधी पत्ता सांगा." फोनवर सगळं जग असंच बोलतं अशी तिची समजूत होती. आत्या घरचा फोनही तसाच उचलायची ना! एकदा तर तिचा भाऊ, दादा, वैतागून म्हणाला होता, "अगं, मी तुला जेवायला बोलवायला फोन केलाय. मला काहीही झालेलं नाही."

आत्या ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये होती. उमेदीची सगळी वर्षं तिनं त्या बिनखिडकीच्या खोलीत काढली. लांबलचक टेबलं, प्रत्येकीसमोर संगणकाचा पडदा, समोरच्या भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा आणि त्यावर सरकणारे गाड्यांचे ठिपके. फोन घेणाऱ्यांना हेडसेट मिळायचा तो एकाच कानाचा. उजव्या कानावर गादी, ओठांसमोर माईकची काडी, आणि डावा कान उघडा. उघडा अशासाठी, की पलीकडच्या टेबलावरून कुणी ओरडलं, "पुलाजवळची गाडी मोकळी झाली!" तर ते ऐकू यायला हवं. उजव्या कानात एखाद्याचा जीव टांगणीला लागलेला आणि डाव्या कानात खोलीचा गलबला, अशी तिची वर्षं गेली. लग्न जमलं नाही, आणि पुढे तिनं ते जमवायचा नादही सोडून दिला. धाकटी बहीण लग्न होऊन समुद्रापार गेली. दादाचं घर दोन रस्ते पलीकडे. आईजवळ राहिली ती हीच.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तीच सवय घरीही कामाला आली. ड्यूटी नसली की आत्या बाहेरच्या खोलीत दाराजवळ खुर्ची टाकून बसायची, उजव्या कानात हेडफोनचं एक बोंडूक घालून गाणी ऐकायची, आणि डावा कान आईसाठी मोकळा ठेवायची. दुसरं बोंडूक गळ्यात लोंबत असायचं. गाणं दोन्ही कानांनी ऐकायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तेवढी चैन कुठली!

आई गेली. पाठोपाठ नोकरीची मुदतही संपली. निरोपाच्या दिवशी तिनं हेडसेट परत केला, तर साहेब म्हणाले, "तुमच्या कानाचा साचा झालाय त्याला. दुसऱ्या कुणाला बसणार नाही तो." सगळे हसले. तीही हसली. घरी आल्यावर मात्र फोन हातात धरून बोलायचं तिला जमेना. खांदा आणि गाल यांच्यात फोन दाबून ती भांडी विसळायची, मग मान धरायची, आणि दुसऱ्या दिवशी भाची मानेला मलम चोळत बडबडायची.

तशात धाकटीनं तिकीट पाठवलं. "आता सबब सांगायची नाही," ती फोनवर म्हणाली. "ड्यूटी नाही, आई नाही. ये आणि महिनाभर राहा. आमच्या गाणाऱ्या मंडळींना एकदा समोर बसून ऐक." धाकटी तिकडे एका मोठ्या समूहाकडून गाणी बसवून घ्यायची. दुकानदार, नर्स, शाळामास्तर, सुतार असे नाना तऱ्हेचे लोक संध्याकाळी जमायचे आणि एका सुरात गायचे. त्यांची रेकॉर्डिंगं ती आत्याला पाठवत राहायची, आणि आत्या ती फोनच्या चपट्या स्पीकरवर ऐकून "छान झालंय" असं कळवायची. स्पीकरवर ते सगळं पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखं वाटायचं, पण हे धाकटीला कशाला सांगायचं?

म्हणून आत्यानं ठरवलं, एक चांगला हेडसेट घ्यायचा. त्यावर फोन घेता आले पाहिजेत, गाणी नीट ऐकू आली पाहिजेत आणि विमानाच्या घरघरीतही तो उपयोगी पडला पाहिजे. तीन कामांना एकच वस्तू.

"असं सगळ्यांत चांगलं एकच काही नसतं, आत्या," भाची म्हणाली. ती आता नोकरीला लागली होती आणि कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी पंधरा ठिकाणी वाचून काढायची. "गाण्यांचा चांगला असतो त्याचा माईक रडका असतो. फोनचा चांगला असतो त्यात गाणी रेडिओसारखी वाजतात. आणि विमानाचा घेतलास तर तो डोक्यावर शिरस्त्राणासारखा दिसतो. एक ना धड, भाराभर चिंध्या."

"दिसू दे. विमानात मला बघायला कोण येतंय?"

शनिवारी सकाळी दोघी दुकानात गेल्या. मोठ्या रस्त्यावरचं ऐसपैस दुकान होतं. एका भिंतीवर टीव्ही लागलेले, दुसऱ्या भिंतीवर हेडफोनच हेडफोन, खुंट्यांना टोप्या टांगाव्यात तसे. तिथली विक्रेती मध्यमवयीन होती, जाड चष्म्याची, बोलायला मोकळी. तिनं आधी आत्याच्या चष्म्याकडे बघितलं.

"चष्मा दिवसभर असतो ना? मग फार घट्ट बसणारा घेऊ नका. तासाभरात कानामागे ठणकायला लागतं. स्वानुभव आहे."

पहिला हेडफोन तिनं स्वतः आत्याच्या डोक्यावर बसवला. दोन्ही कान मऊ गाद्यांखाली गेले. आत्याला जरा चमत्कारिकच वाटलं. डाव्या कानावर काही असण्याची तिला सवयच नव्हती.

"आता बटण दाबते हं," विक्रेती म्हणाली, आणि दुकान नाहीसं झालं.

एसीची घरघर गेली. रस्ता गेला. टीव्हीवरचा माणूस तोंडाची उघडझाप करत राहिला. समोर भाचीही काहीतरी बोलत होती, ओठ हलत होते. आत्यानं दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढला तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला होता.

"काय झालं? टोचलं का?"

"नाही," आत्या म्हणाली. मग ओशाळून हसली. "लाइन मेली असं वाटलं."

विक्रेतीला काही कळलं नाही. भाचीला कळलं. लाइनवरच्या शांततेचे प्रकार असतात, हे आत्यानं तिला कधीतरी सांगितलं होतं. माणूस फोन टेबलावर ठेवून दार उघडायला जातो ती शांतता वेगळी, तिच्यात पावलं असतात. माणूस रडू आवरत असतो ती वेगळी. आणि एक असते तिच्यात काहीच नसतं. श्वासही नाही, पंख्याची घरघरही नाही. तिथं आत्या "हॅलो, हॅलो, मी आहे इथं," म्हणत राहायची, गाडी पोचेपर्यंत.

"बटण न दाबता नुसतं गाणं लावा ना," भाची म्हणाली. "आत्या, धाकट्या आत्याचं ते नवीन रेकॉर्डिंग लाव."

आत्यानं डोळे मिटले. गाणं सुरू झालं, आणि तिच्या भुवया वर गेल्या. फोनच्या स्पीकरवरचा तो पत्र्याचा डबा उघडून कुणी आतली माणसं बाहेर काढली होती जणू. पुरुषांचे खर्जातले आवाज अगदी शेजारी उभे राहिल्यासारखे आले. एक जण तर श्वास घेताना हलकेच खाकरला, तेही ऐकू आलं.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "पुरुष गातायत. बायका कुठे गेल्या?"

"म्हणजे?"

"ह्यात बायका पण आहेत. धाकटीनं सांगितलंय ना, एका बाजूला पुरुष उभे करते, एका बाजूला बायका. बायका फार लांबून येतायत, शेजारच्या घरातून आल्यासारख्या. ह्याची डावी बाजू बिघडलीय वाटतं."

विक्रेतीनं दुसरा दिला. आत्यानं तो लावला, जरा वेळ ऐकलं आणि मान हलवली. "हाही बिघडलेला." तिसरा दिला. "बाई, तुमच्याकडचा माल तपासून घ्या एकदा." भाची हसायला लागली. "तीन-तीन बिघडलेले? आत्या, तू पनवती आहेस."

विक्रेती हसली नाही. तिनं तो हेडफोन घेऊन स्वतःच्या कानांना लावला, तेच गाणं क्षणभर ऐकलं, गाद्यांवरून उगाचच कापड फिरवलं. मग हलक्या हातानं तो परत आत्याच्या डोक्यावर बसवला, पण ह्या वेळी उलटा. डावी बाजू उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर.

बायका आल्या. स्वच्छ, उंच, कानाला लागून गाणाऱ्या. आत्या आनंदानं म्हणाली, "हां, आता आल्या बघ!" आणि दुसऱ्याच क्षणी म्हणाली, "पण आता पुरुष कुठे गेले?"

भाचीचं हसू ओठांवरच विरलं. आत्यानं भाचीकडे पाहिलं, विक्रेतीकडे पाहिलं, आणि मग हळूच आपला डावा कान बोटांनी चाचपला, जणू तो जागेवर आहे की नाही हे बघावं.

"माझ्या सासऱ्यांचं असंच दुकानात कळलं," विक्रेती म्हणाली. "आज काही घेऊ नका. आधी कान दाखवून या. हेडफोन कुठं पळून जात नाहीत."

परतताना बसमध्ये भाची सारखी बोलत होती. हल्ली कानाची यंत्रं किती बारीक येतात, दिसतसुद्धा नाहीत, असं बरंच काही. आत्या तिच्या डाव्या बाजूला मुद्दाम बसली होती, म्हणजे उजवा कान तिच्याकडे. ती "हो, हो" म्हणत होती, पण एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देत होती, आणि दुसरा कान कुठला, हा विचार मनात येऊन ती खिडकीबाहेर बघू लागली.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला. आधण उकळून उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. भाचीनं गॅस बंद केला तेव्हा आत्या स्वयंपाकघराच्या दारातून समोरच्या खोलीकडे बघत होती. तिथं आता आईचा पलंग नव्हता, इस्त्रीचं टेबल होतं. दाराजवळची खुर्ची तेवढी तिथंच होती.

"काय गं?"

"मी हा कान तिच्यासाठी ठेवला होता," आत्या म्हणाली. "हा. डावा."

भाचीला क्षणभर बोध झाला नाही. झाला तेव्हा तिनं आत्याचा हात धरला.

"तिचा आवाज शेवटी शेवटी किती बारीक झाला होता तुला आठवतं ना? हाक म्हणजे नुसता तोंडातून निघालेला वारा. आणि मी तिथं बसून गाणी ऐकत होते. उजव्या कानानं. माझा चांगला कान मी गाण्यांना दिला, आणि हा तिला दिला."

"तुला ठाऊक नव्हतं, आत्या."

"तेच तर म्हणतेय. ठाऊक नव्हतं. किती हाका मारल्या असतील तिनं?"

भाचीनं उरलेला चहा दोन कपांत ओतला आणि दोघींनी तो गार होईपर्यंत समोर ठेवला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला एका छोट्या बंद खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. आत्याला ते काम नवीन नव्हतं. आयुष्यभर ती हेच तर करत आली होती. उजव्या कानाच्या वेळी तिचं बोट टकाटक चाललं. डाव्याच्या वेळी ती बराच वेळ बोट तयार ठेवून बसली. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई काहीतरी फिरवत होत्या, आणि इकडे काहीच येत नव्हतं. मग खोलवरून एक जाडसर आवाज आला आणि तिनं घाईनं बटण दाबलं.

डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर ठेवून समजावलं. डाव्या कानाचे बारीक, उंच आवाज बरेचसे गेलेत, जाड आवाज थोडे शिल्लक आहेत. एकाच कानाचं असं झालं म्हणून त्यांनी डोक्याचीही तपासणी करून घेतली. सुदैवानं तिथं काही निघालं नाही. यंत्राचा उपयोग होईल, ते परत आल्यावर बसवू, विमानात बसायला हरकत नाही.

"हे कधीपासून असेल?" आत्यानं विचारलं.

"ते सांगता येत नाही. हळूहळू जातं. चांगला कान दुसऱ्याचं काम सांभाळून घेतो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही."

"दोन वर्षांपूर्वी असेल का?"

"असेल. नसेलही." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "का हो? तेव्हा काही झालं होतं का?"

"नाही, सहज विचारलं," आत्या म्हणाली.

पुढच्या काही दिवसांत तिकीट रद्द करावं असंही तिच्या मनात आलं. जायचं, बहिणीसमोर बसायचं, आणि तिला काय सांगायचं? पण धाकटीनं तिच्यासाठी खोली लावून ठेवली होती, पडद्यांचे फोटो पाठवले होते. शेवटी आत्यानं स्वतःच भाचीला फोन केला. "चल त्या दुकानात. घ्यायचंय ते घेऊन टाकू."

ह्या खेपेला दुकानात गेली ती वेगळीच बाई होती. पहिल्या वेळी तिनं समोर येईल ते डोक्यावर चढवून घेतलं होतं. आता ती कंट्रोल रूममधल्यासारखी छोटे छोटे प्रश्न विचारू लागली. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून एकाच कानात देता येतात का? येतात, विक्रेती म्हणाली, ते काम फोनमधल्या एका सोयीनंच होतं, हेडफोन कुठलाही असो. तिनं तिथल्या तिथं ते करून दाखवलं. आत्याच्या उजव्या कानात पुरुष आणि बायका एकत्र गाऊ लागले. दाटीवाटीनं, पण सगळे हजर. विमानात सीटसमोरच्या पडद्याला हा जोडता येईल का? बिनतारी बहुतेक नाही जोडला जायचा; म्हणून सोबत तार मिळते तोच घ्या. बॅटरी संपली तर? तारेवर चालेल. आतल्या शांततेतून बाहेरचं ऐकायचं झालं तर? त्याला बटण आहे. दाबलं की बाहेरचे आवाज आत येतात, हेडफोन काढावा लागत नाही. आत्यानं ते बटण अनेकदा दाबून पाहिलं. न बघता, अंगठ्यानं चाचपून सापडतं का, तेही पाहिलं.

शेवटी तीन हेडसेट उरले, आणि माईकचा प्रश्न आला.

"माईक सगळ्यांचे चांगले आहेत," विक्रेती म्हणाली.

"चांगला म्हणजे काय ते मी सांगते," आत्या म्हणाली, आणि तिनं भाचीला एकेक हेडसेट घालून समोरच्या चौकात उभं केलं. जाताना विक्रेती म्हणाली, "घेऊन पळून जाऊ नका म्हणजे झालं." भाचीनं गर्दीत उभं राहून फोन करायचा आणि घर नंबर सांगायचे. सात, साठ. सतरा, सत्तर. एकोणसाठ, एकोणसत्तर. आत्या दुकानात फोन उजव्या कानाला लावून उभी राहिली आणि ऐकू येईल तो आकडा मोठ्यानं म्हणू लागली. तिच्या धंद्यात सारा खेळ ह्याच जोड्यांचा असायचा. सात नंबरच्या घरासमोर गाडी उभी राहते आणि माणूस साठ नंबरात तडफडत असतो, असं एकदा तरी होतंच, आणि ते ज्याच्या हातून होतं तो पुढे आयुष्यभर आकडे दोनदा विचारतो.

सगळ्यांत महागड्या हेडसेटवर गाडीच्या हॉर्नबरोबर भाचीचा आवाजही कापला गेला. "सत... सत काय? सतरा की सत्तर?" आत्या ओरडली. दुसऱ्यावर आकडे कळत होते, पण भाची हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटत होती. तिसरा दिसायला अगदीच साधा, राखाडी, पुस्तकासारखा घडी होणारा होता. त्यावर बस गेली, फेरीवाला ओरडला, कुणीतरी भांडलंही, पण सात हे सात राहिले आणि साठ हे साठ. भाचीनं वर स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं, "आत्या, मला लोक वेडी समजतायत, आता मी आत येऊ का?" तेही शब्दन् शब्द कळलं.

"ह्याच्यात गाणी थोडी कमी खुलतात हं," विक्रेतीनं प्रामाणिकपणे सांगितलं. "आणि शांतताही त्या महागड्याइतकी गाढ नाही."

"इतकी गाढ मला नकोच आहे," आत्या म्हणाली. भाची पंधरा ठिकाणचं काहीतरी सांगायला लागली होती, पण ऐकावे जनाचे करावे मनाचे. आत्यानं राखाडी हेडसेट उचलला.

विमानात मात्र तिची पंचाईत झाली. घरघर सुरू झाली तसा तिनं हेडसेट चढवला, शांततेचं बटण दाबलं. घरघर खाली बसली, पण तिचं मन काही बसेना. थोड्या वेळानं तिनं बाहेरचा आवाज आत घेतला. कुठे काही नव्हतं. पुन्हा शांतता. पुन्हा बाहेर. असं बराच वेळ चाललं तेव्हा शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी खुणेनंच विचारलं. तिनं हेडसेट खाली घेतला.

"काही बिघडलंय का? सारखं बटण दाबताय म्हणून विचारलं."

"नाही हो. कुणी हाक मारत नाही ना, ते बघतेय."

गृहस्थांनी विचार केला. "कोण मारणार? तुमच्याबरोबर कुणी आहे का?"

"नाही," आत्या म्हणाली. "कुणीच नाही."

त्यानंतर तिनं हेडसेट मांडीवरच ठेवला आणि सगळा प्रवास घरघर ऐकत काढला.

धाकटी तिला विमानतळावर भेटली ती धावतच. दोघी रडल्या, हसल्या, एकमेकींचे पांढरे केस मोजायला लागल्या. धाकटी तिच्या डावीकडून चालत बोलत होती आणि आत्या सारखी मान वळवत होती. घरी पोचेपर्यंत धाकटीनं ओळखलं. "तुला ह्या बाजूनं ऐकू येत नाही?" ती थेट म्हणाली. सूर सांभाळण्यात जन्म गेलेली बाई. तिच्यापासून काय लपणार?

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. धाकटी सफरचंद कापत होती आणि आत्या समोर बसून ओठांपर्यंत आलेलं परत परत गिळत होती. मग तिनं एका दमात सगळं सांगितलं. दुकान, उलटा हेडफोन, डॉक्टरीणबाई, दाराजवळची खुर्ची.

"आता तूच सांग," ती म्हणाली. "तुझ्याशी आई दर रविवारी फोनवर बोलायची. मला बाहेर पाठवून बोलायची. कधी म्हणाली का, की मी हाका मारते आणि ही येत नाही?"

धाकटीनं सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा आधी गंभीर झाला, मग तिच्या ओठांचे कोपरे थरथरले, आणि ती चक्क हसत सुटली.

"अगं, हसतेस काय!"

"तक्रार करायची ना! दर रविवारी करायची. पण कसली?" धाकटीनं मान किंचित तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि तिच्या तोंडून आईच बोलली, तिच्या त्या करवादलेल्या स्वरात. "'हिला कुठंतरी पाठव गं चार दिवस. कूस बदलली तरी दारात उभी. डोळा लागला की नाही बघायला वाकते आणि त्यानंच मला जाग येते. माणसाला सुखानं कण्हायची सोय ठेवली नाही हिनं.'"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. लोक धीर देण्यासाठी काही रचून बोलतात तेव्हा त्यांचा आवाज कसा होतो, हे तिला पाठ होतं. तो मऊ होतो, शेवटाला किंचित वर चढतो. हा आवाज तसला नव्हता. ह्यात चांगली मुरलेली चिडचिड होती, आणि ती आईखेरीज कुणाची असणं शक्य नव्हतं.

"मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"तिनं शपथ घातली होती. आणि सांगून तू काय ऐकणार होतीस?" धाकटी बोलून गेली आणि जीभ चावली. मग दोघीही हसल्या, आत्या तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हसू ओसरल्यावर आत्याला आठवलं. खरंच की, ती खुर्चीवर अशी बसायचीच किती? अर्धं गाणं झालं की उठायची, डोकवायची, परत यायची. एकही गाणं धड शेवटपर्यंत ऐकल्याचं तिला आठवेना. कानाला कळलं नाही ते पायांना कळत होतं की काय कोण जाणे. तरी एखादी हाक निसटली असेल. एखाद-दुसरी असेलही. ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण निदान तेवढंच उरलं होतं, आणि तेवढं घेऊन माणसाला चालता येतं.

"मला काय मिळालं माहितेय?" धाकटी सफरचंदाची फोड तिच्यापुढे सरकवत म्हणाली. "रविवारचा तासभर आवाज. तो चिडका का असेना, त्याच्यासाठी मी आठवडाभर थांबायची. तुझा मला हेवा वाटायचा."

"चल, काहीतरीच," आत्या म्हणाली, पण फोड खाताना तिनं बहिणीचा हात हातात घेतला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

त्या महिन्यात ती धाकटीच्या मंडळींच्या सगळ्या तालमींना जाऊन बसली. धाकटीनं तिची खुर्ची अशी लावली की उजवा कान सगळ्यांच्या मधोमध यावा. खाकरणारा माणूस कोण तेही तिनं शोधून काढलं. तो सुतार होता आणि स्वभावानं फार लाजाळू निघाला. एके दिवशी तिनं राखाडी हेडसेट चढवून आपल्या जुन्या साहेबांना फोन लावला आणि कंट्रोल रूममधल्या सगळ्यांचे कान दरवर्षी तपासून घ्या म्हणून बजावलं. साहेबांनी आधी बजेटचं रडगाणं लावलं. "साहेब, घाबरू नका, आधी ऐकून घ्या," आत्या म्हणाली. पलीकडे साहेब हसले, आणि पुढच्याच महिन्यात तपासणी ठेवू म्हणाले. ती झाली तेव्हा आणखी दोघींचा एकेक कान मंदावलेला निघाला. त्यातल्या एकीनं आत्याला फोन करून आधी शिव्या घातल्या आणि मग आभार मानले.

आत्या परतली तेव्हा भाची विमानतळावर घ्यायला आली. लोक सामान ढकलत बाहेर पडत होते. आत्या सगळ्यांच्या मागून आली, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, हेडसेट गळ्यात.

"कसा झाला प्रवास? सारखी बटणं दाबत नव्हतीस ना?"

"कसली बटणं! बसल्या बसल्या धाकटीचं ते गाणं लावलं, मग काय झालं मला माहीत नाही." आत्याच्या आवाजात राग होता, पण खरा नव्हे. "दोनदा जेवण आलं आणि गेलं म्हणे. शेजारची बाई सांगत होती. मला उठवायचं कुणाला सुचलं नाही. भुकेनं जीव चाललाय माझा. इथं काही खायला मिळतं का बघ आधी."

भाचीनं तिची बॅग घेतली, आणि दोघी विमानतळाच्या कोपऱ्यातल्या उपाहारगृहाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.